तीनच्या पॅसेंजरची विहीर

अख्तरीबी पहिल्यांदा नजरेत भरली ती विहिरीच्या कठड्यावर वाकलेली. सावळदऱ्याच्या शाळेचा रस्ता जुन्या रेल्वे स्टेशनाच्या फलाटावरून जातो आणि फलाटाच्या टोकाला ही विहीर आहे. सकाळचे पावणेआठ झाले होते. डोक्यावरून पदर घट्ट घेतलेली एक सडपातळ बाई दुहेरी फडक्यातून घागरीत पाणी गाळत होती. घागर भरल्यावर तिनं फडकं उलटं केलं आणि त्यावर गाळलेलं पाणी ओतून ते एका पितळी लोट्यात खळबळून घेतलं. मग तो लोटा दोरीनं हळूहळू विहिरीत सोडला. लोट्याच्या बुडालाही बाहेरून एक कडी होती आणि तिला दुसरी बारीक दोरी बांधलेली होती. लोटा पाण्याला टेकल्यावर तिनं बारीक दोरीला हलकासा हिसका दिला. लोटा तिथेच उपडा झाला. पाण्याचा आवाजही आला नाही.

शाळेवर नव्यानं आलेले मास्तर सायकल धरून उभे राहिले. "काय करताय मावशी?"

"जीव त्यायच्या घरी पोचवून राह्यली," ती मान वर न करता म्हणाली. "पानी गायलं का फडक्यात बारीक बारीक जीव राह्यते. ज्या इहिरीचे, त्याच इहिरीत गेले पायजे. वरून फेकले तर मरते."

"तुमच्यात असतं हे?"

"आमच्यात नाई. भागिरथीबाईत असते." मग तिनं मास्तरांच्या पायांकडे पाहिलं. "चप्पल काडा नाईतर तिकडून जा. हे पानी प्याचं हाय."

मास्तर तिकडून गेले. पुढे अकरा वर्षं ते त्याच वाटेनं गेले आणि अकरा वर्षं त्यांनी पावणेआठला तो लोटा खाली जाताना पाहिला. घड्याळ चुकलं असेल, लोटा नाही.

सावळदऱ्याला स्टेशन होतं ते मीटरगेजच्या काळात. नेमकं कोणत्या साली झालं हे गावात कुणाला सांगता येत नाही. आपल्या आजोबांनी भिंतीला दगड वाहिले, एवढं मात्र चार घरांत सांगतात. अकोल्याकडून येणारी गाडी इथल्या वळणावर शिट्टी द्यायची आणि वाशिमच्या दिशेनं निघून जायची. शिरपूरच्या देवळाला जाणारे जैन यात्रेकरू पूर्वी इथे उतरत आणि पुढे बैलगाडीनं जात. नंतर मालेगावहून बस झाल्या, तरी काही घरांनी जुनी वाट सोडली नाही. त्यांच्यासाठी शिरपूरचे कापडाचे व्यापारी शिखरचंद यांच्या पत्नीनं, म्हणजे भागिरथीबाईनं, फलाटावर पाणपोई घातली होती.

अख्तरीबी लग्न होऊन आली तेव्हा अठरा वर्षांची होती. नवरा मेहबूब स्टेशनवर पॉइंट्समन होता. सांधे बदलायचे, कंदील लावायचे, गाडी आली की रुळाच्या तुकड्यावर टोले द्यायचे हे त्याचं काम. भागिरथीबाई पाणपोईवर बसायला बाई शोधत होती. स्टेशनातली बायकामाणसं तीनच, त्यातली दोघी नाही म्हणाल्या. अख्तरी हो म्हणाली.

"मुसलमानाच्या हातचं पानी यात्रेकरू पितीन का?" मेहबूबनं शंका काढली.

भागिरथीबाई म्हणाली, "ज्याले प्याचं नाई त्यानं आपल्या हातानं काडावं. दोर इथंच हाय. पण पोरी, मी शिकवतो तसंच गायलं पायजे, आन् जिवानी इथंच परत गेली पायजे. एक दिवस चुकली तर सांगजो, मी दुसरी बाई पाहीन."

गाळल्यावर फडक्यात जे उरतं त्याला जैन लोकांत जिवाणी म्हणतात. भागिरथीबाईनं तो पितळी लोटा दिला आणि कडीला दोरी कशी बांधायची ते तीनदा बांधून दाखवलं. काही यात्रेकरू तिच्या हातचं पाणी प्यायचे, काही स्वतः काढायचे. एकदा एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ तिची जिवाणी पाहत उभे राहिले आणि मग न बोलता ओंजळ पुढे केली. ही गोष्ट अख्तरीबी अजून सांगते, पण त्यांचं नाव तिनं विचारलं नव्हतं याची तिला हळहळ वाटते.

भागिरथीबाई गेली. पाणपोई बंद पडली. अख्तरीनं लोटा परत नेऊन दिला तेव्हा शिखरचंद म्हणाले, "ठेव तुझ्याकडंच. इथं कोन उतरवते आता इहिरीत? सारे नळाचं पितात." म्हणून लोटा परत आला आणि घरच्या पाण्यासाठी वापरात राहिला.

स्टेशन गेलं ते मात्र मेहबूबच्या हातून गेलं, असं त्याला मरेपर्यंत वाटत होतं.

झालं असं. मीटरगेज काढून ब्रॉडगेज टाकायचं ठरलं. सावळदऱ्याचं वळण सरळ करायचं, म्हणजे नवी लाइन अर्धा फर्लांग बाजूनं जाणार. मग स्टेशन तिकडे नवं बांधायचं की वगळायचं, हा प्रश्न होता. तिकीट विक्री पाहिली तर सावळदरा कुठेच नव्हतं, कारण भाजीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका आणि दुधाचे कॅन घेऊन जाणारे गडी यांना तिकीट काढायची सवय नव्हती. म्हणून एक साहेब स्वतः येऊन तीनच्या पॅसेंजरला किती माणूस चढतं ते पाहणार होता. पण तो कशासाठी येतोय हे स्टेशनात कुणालाच ठाऊक नव्हतं. तार आली ती एवढीच, की साहेब येतायत.

साहेब येणार म्हटल्यावर स्टेशनात जे व्हायचं तेच झालं. मेहबूबनं दोन दिवस फलाटाच्या कडेला चुना मारला, झाडांच्या बुंध्यांना गेरूचे पट्टे ओढले, शेळ्या हाकलल्या. आणि त्या दिवशी दुपारी गाव जेव्हा टोपल्या, कॅन, पोरंसोरं, एक आजारी म्हातारी असं सगळं घेऊन गाडीला आलं, तेव्हा मेहबूब काठी घेऊन फाटकात उभा राहिला. "आज फलाटावर कोनी याचं नाई. साहेब हाय. तिकडून बाभळीमागून जा आन् गाडी लागली का मागच्या बाजूनं चढा."

गावानं ऐकलं. मेहबूबचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. गाडी आली आणि पस्तीस-चाळीस माणसं रुळांत उतरून, टोपल्या वर देत, म्हातारीला उचलून, उलट्या बाजूनं गाडीत चढली. साहेब फलाटावर उभा होता. त्याच्यासमोर एकही माणूस चढला नाही. फलाट आरशासारखा होता. साहेबानं मेहबूबच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "फार स्वच्छ स्टेशन आहे."

मेहबूबनं तो हात सहा महिने गावाला सांगितला. मग नव्या लाइनवरच्या स्टेशनांची यादी आली. सावळदरा त्यात नव्हतं, आणि साहेब माणसं मोजायला आला होता हे तेव्हा कळलं.

नव्या लाइनवरून गाड्या धडधडत जायला लागल्या आणि जुनं स्टेशन गावानं वाटून घेतलं. फलाटावरचं बाकडं ग्रामपंचायतीसमोर गेलं. पिवळी पाटी एका गोठ्याचं छप्पर झाली, पावसाळ्यात म्हैस 'सावळ' या अक्षरांखाली उभी असते. दारं-खिडक्या कुठे गेल्या ते कुणी विचारत नाही. विहीर तेवढी उचलून नेता येण्यासारखी नव्हती, म्हणून राहिली. मेहबूब एका संध्याकाळी ओट्यावर बसला होता. अख्तरीनं चहा दिला तेव्हा तो म्हणाला, "मी लोकायले मागून चढवलं." एवढंच. चहा थंड झाला, तिनं दुसरा केला. त्यानंतर तो चार वर्षं जगला आणि हा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीत पत्र आलं. जवळच्या एका गावात बंद पडलेल्या विहिरीत गाय पडून मेली होती, म्हणून वापरात नसलेल्या उघड्या विहिरी बुजवायचं ठरलं होतं. सावळदऱ्याच्या स्टेशनची विहीर यादीत होती. मंगळवारी साहेब येऊन पाहणार, वापर नसेल तर त्याच आठवड्यात मुरूम पडणार.

गावात नळ आहे, पण नळाला आठव्या-नवव्या दिवशी पाणी येतं. मधल्या दिवसांत धुणं, भांडी, जनावरं सगळं या विहिरीवर चालतं. प्यायला मात्र विहीर वापरणारी अख्तरीबी एकटीच. पत्राची बातमी तिनं किराणा दुकानात ऐकली आणि साखर तिथेच ठेवून ती थेट ग्रामपंचायतीत गेली. सरपंच शेषराव त्या जुन्या बाकड्यावर बसून फोनवर बोलत होता.

"या चाची," फोन ठेवत तो म्हणाला. "तुमच्याच इहिरीचं पाहून राह्यलो. बिलकुल काळजी करू नका. चुना सांगतला, रांगोळी सांगतली. मंडप टाकतो लहानसा. शाल-नारळ आनला. साहेब खूश झाला पायजे."

"आन् बाया?"

"बायायले सांगतलं, त्या दिवशी कोनी धुनं नेऊ नका. साबनाचा चिखल, शेळ्यायच्या लेंड्या, कसं दिसते ते? साहेबासमोर गोधड्या आपटता का?"

अख्तरीबी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. गुडघ्यावर हात ठेवून तिनं त्याच्याकडे पाहिलं. "शेषराव, हे बाकडं कुठचं हाय?"

"स्टेशनचं."

"त्या दिवशी साहेब आला तवा तू वाशिमले चालला होता. आयटीआयचा फारम भराले. कोनीकून चढला होता?"

शेषराव हसला, मग हसायचा थांबला. त्यानं बाकड्याच्या पट्टीवर नखानं रेघ ओढली. "मागून," तो म्हणाला. "पँट फाटली होती माही. खडीत पडलो होतो."

"तुह्या काकानं चढवलं मागून. त्यानं चांगल्याच मनानं केलं. तू बी चांगल्याच मनानं करून राह्यला."

"पन चाची, साहेब नाराज झाला तर? घान पाहून उलटं लिवलं तर?"

"त्याले घान पाहाचीच हाय. कोरडी इहीर तर त्याले रोजच दिसते."

शेषराव वाईट माणूस नाही, पण साहेब येतोय म्हटल्यावर हात बांधून बसणं त्याला जमत नाही. मंडप त्यानं रद्द केला. धुण्याला मनाई केली होती तीही मागे घेतली. चुन्याबद्दल मात्र तो काही बोलला नाही आणि सोमवारी संध्याकाळी दोन गड्यांनी विहिरीचा कठडा पांढराफेक करून टाकला.

अख्तरीबी दारोदार फिरली. गुडघा दुखत होता म्हणून प्रत्येक ओट्यावर टेकत गेली. "उद्या इहिरीवर या. नाटक करू नका, ज्याचं काम असंन त्यानंच या. पन घरी बसू नका." एका सुनेनं विचारलं, "चाची, चांगलं लुगडं नेसून येऊ का?" "जे नेसून धुनं धुते ते नेसून ये," अख्तरीबी म्हणाली. "वरातीले बलावून नाई राह्यली." ज्ञानबा धनगराला तिनं शेळ्या आणायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माह्या शेळ्या साहेबाच्या बुटावर लेंड्या टाकतीन." "टाकू दे. तेवढं तरी त्याले आठवन राहीन."

मंगळवारी साहेब दहाला येणार होता. नऊपासून बायका जमल्या. पाणी ओढलं, गोधड्या धुतल्या, एकीनं दुसरीच्या बादलीला पाय लावला म्हणून भांडण झालं. ओढलेलं पाणी सांडून चुना भिजला. कठड्याला टेकणाऱ्या प्रत्येकीच्या कमरेला आणि कोपराला तो लागला आणि कठडा पुन्हा दगडाचा दिसायला लागला. साडेअकरा झाले. बारा झाले. साहेबाचा पत्ता नव्हता. धुणं संपल्यावर बायका उगाच कशाला थांबतील? घरी चुली होत्या. एक एक जण निघाली. "चाची, आला तर आवाज द्या," म्हणून गेल्या. शेषराव फाट्यावर उभा राहून दमला आणि जेवायला गेला. ज्ञानबाच्या शेळ्या कंटाळून बाभळीकडे गेल्या.

साहेब आला सव्वा वाजता, मोटरसायकलवर. तरुण होता, पाठीला पिशवी, शर्ट घामानं चिकटलेला. विहिरीवर अख्तरीबी आणि एक विसरलेली गोधडी, एवढंच होतं. भर उन्हात साबणाचा चिखलही सुकून भेगाळला होता.

त्यानं विहिरीत वाकून पाहिलं, मोबाइलवर फोटो काढला आणि पिशवीतून कागद काढला. "आजी, ही वापरतं का कुणी?"

"हो."

"कोण?"

"मी. आन् गाव."

त्यानं इकडे तिकडे पाहिलं. फलाट रिकामा होता. तो कागदावर लिहायला लागला.

"थांब बाबू," अख्तरीबी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तू काय लिवून राह्यला ते मले माहीत नाई. पन लिवाच्या आंदी तीन वाजू दे."

"तीन वाजता काय आहे?"

"गाव पान्याले येते."

"तीनलाच का?"

"तीनची पॅसेंजर होती इथं. गाडीच्या टायमाले सारे फलाटावर येत, आनाले-पोचवाले. येता येता घागर आनत. गाडी बंद झाली, घागर याची थांबली नाई."

"आजी, मला अजून दोन विहिरी पाहायच्या आहेत."

"त्या पयले पाहून घे. मंग वापस ये."

"इतक्या लांब परत?" त्यानं घड्याळ पाहिलं.

"तर मंग बस," ती म्हणाली. "मांगं बी एक साहेब आला होता. त्यानं पाह्यलं आन् लिवलं. थांबला नाई. आमचं बी चुकलं, आमी लोकं लपवले. आता मी कोनाले लपवलं नाई, जेवाले गेले. आवाज दिला तर येतीन, पन ते नाटक होईन. तू तीन वाजेपर्यंत थांब. तीनले दहा मानसं नाई आली तर तुह्या कागदावर मी माह्या हातानं अंगठा देतो, का इहीर बुजवा."

त्यानं पुन्हा घड्याळ पाहिलं. दहा माणसांवर ती विहीर लावून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर तर घामही नव्हता. शेवटी त्यानं मोटरसायकल बाभळीखाली लावली. अख्तरीबीनं बादली सोडली, पाणी ओढलं, फडक्यातून गाळून तांब्यात दिलं. तो दोन तांबे पाणी प्यायला. मग तिनं फडकं उलटं केलं, लोट्यात खळबळलं आणि लोटा खाली सोडला. बारीक दोरीचा हिसका त्यानं पाहिला.

"हे कशासाठी?"

"ज्याचं त्याले," ती म्हणाली. "इहीर बुजवली तर मी हे कुठं सोडू सांग."

त्यानं कागद पिशवीत घातला आणि डबा काढला. तिनं घरून कांदा आणि मिरचीचा ठेचा आणून दिला.

पावणेतीनला कुणी नव्हतं. तीनला दहा मिनिटं कमी असताना अख्तरीबीनं एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. तिला आठवलं, मेहबूब याच जागी काठी घेऊन उभा होता. फाटक आता नव्हतं. फाटकाचे खांब होते, त्यांवर कावळा बसला होता.

पहिला आला ज्ञानबा, चाळीसएक शेळ्यांसह. शेळ्यांनी साहेबाची पिशवी हुंगली. मग शाळेची खिचडी करणाऱ्या दोघी, मोठे गंज आणि पातेली घासायला घेऊन. मग घागरी, बादल्या, डोक्यावर डबे, काखेत पोरं. सकाळी भांडलेल्या दोघी आल्या आणि भांडण सकाळी जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा धरलं. कुणाच्या कमरेला अजून चुना होता. कुणालाही ठाऊक नव्हतं की बाभळीखाली बसलेला तो तरुण म्हणजे साहेब. एका म्हातारीनं त्याला हटकलं, "ए बाप्पा, रस्त्यात काहून बसला? बादली भर नाईतर सरक." तो सरकला. मग उठून तिची बादली त्यानंच ओढून दिली. तिनं तो दोर नीट धरत नाही म्हणून त्याला दोन शब्द ऐकवले.

शेषराव शाल-नारळ घेऊन धावत आला तेव्हा साहेबाच्या हातात ओला दोर होता आणि बुटांवर लेंड्या. शेषरावनं कपाळावर हात मारला.

"सरपंच, मोजायला मदत करा," साहेब म्हणाला. "मी चाळीसपर्यंत आलोय. शेळ्या सोडून."

त्यानं कागदावर 'वापरात' असं लिहिलं आणि खाली एक ओळ जोडली, की विहिरीवर लोखंडी जाळी बसवावी आणि पाणी ओढायला दोन झाकणं ठेवावीत. शाल घ्यायला तो नको म्हणाला. नारळ फोडून पोरांनी खाल्ला. शाल कुणाला द्यायची हा प्रश्न उरला, तेव्हा शेषरावनं ती उलगडून अख्तरीबीच्या खांद्यावर टाकली. "ऊन पाह्य किती हाय," ती म्हणाली, "शाली घालून मारतं का मले?" पण तिनं ती काढली नाही. घरी जाताना ती फलाटाच्या कडेनं गेली, जिथे मेहबूबचा चुना कधीकाळी होता, आणि एका जागी थोडी थांबली. काय बोलली ते मागून येणाऱ्यांना ऐकू आलं नाही.

पावसाळ्याआधी जाळी बसली. लोटा दोन्ही दोऱ्यांसह न अडकता खाली जाईल असं झाकण आहे का, हे अख्तरीबीनं लोहारासमोर लोटा घालून दोनदा पाहिलं आणि मगच वेल्डिंग करू दिलं.

आता तिला सत्तरावर दोन वर्षं झाली आहेत. गुडघ्यामुळे ती दोनऐवजी एकच घागर नेते आणि रोज सकाळी पावणेआठला विहिरीवर असते.